एका वेळी एकच कागद

श्रावणातली गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी पाचशेचा स्टॅम्प पेपर घेऊन उभा होतो. घराच्या कागदपत्रांसाठी भावंडांचं संमतीपत्र करायचं होतं. मजकूर टाइप करून, तपासून झाला होता. आता प्रिंट काढली की सुटलो, असं मला वाटत होतं. दुकानातल्या ताईंनी स्टॅम्प पेपर दोन बोटांत धरून चाचपला, मागचं लाकडी कपाट उघडलं आणि आत पेटत्या पिवळ्या बल्बखाली तो ठेवून दिला.

“दहा मिनिटं बसा दादा. कागद सर्दावलाय. असाच घातला नि अडकला, तर पाचशे रुपये तुमचेच जायचे.”

2024च्या ऑक्टोबरात शंभरच्या स्टॅम्पच्या जागी पाचशेचा आला, तेव्हापासून या दुकानांत सगळ्यांचाच हात जपून चालतो. मी बाकावर बसलो. तेवढ्यात ताईंनी नवी रीम फोडली. गठ्ठा दोन्ही हातांत धरून कमानीसारखा वाकवला, कडा फर्रकन सोडल्या, मग गठ्ठा उलटा वाकवून पुन्हा तेच. टेबलावर ठोकून कडा जुळवल्या. ट्रेमध्ये ठेवल्यावर बाजूच्या पट्ट्या सरकवून कागदाला नुसत्या टेकवल्या, दाबल्या नाहीत. या सगळ्याला पंधरा सेकंदंही लागली नसतील. पण त्यातली प्रत्येक हालचाल घर्षणाशी नाहीतर पाण्याशी चाललेला व्यवहार होता.

आधी घर्षणाचं बघू. नेहमीच्या कागदाची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर. पाचशे कागदांची रीम म्हणजे पाच सेंटिमीटर उंचीची चळत. यातला सगळ्यात वरचा एकच कागद उचलायचा, तोही दर दोन सेकंदांना एक, दिवसभर न चुकता. आपण बोटानं करून पाहावं. अंगठा दाबून वरचा कागद सरकवला की त्याच्याबरोबर खालचे दोन-तीन हमखास येतात, कारण कागदाला कागद घासतो आणि वरचा खालच्याला ओढत नेतो. आपण नोटा मोजताना बोट ओलं करतो. प्रिंटरला थुंकी नाही.

त्याच्याकडे आहे रबराचा पिकअप रोलर. ट्रेच्या तळाची पट्टी स्प्रिंगनं गठ्ठा वर उचलून या रोलरला टेकवते, रोलर फिरतो आणि वरचा कागद निघतो. दुसराही निघू पाहतो. वाटेत रोलरसमोर एक छोटी खरखरीत गादी असते, सेपरेशन पॅड. दोन कागद एकदम आले, तर वरच्याला रोलर पुढे ओढतो आणि खालच्याला पॅड मागे धरून ठेवतो. आता कोण जिंकणार, हे तीन घर्षणांच्या उतरंडीवर ठरतं. रोलर आणि कागद यांच्यातलं घर्षण सगळ्यात जास्त, पॅड आणि कागदातलं त्याहून कमी, आणि कागद-कागदातलं सगळ्यात कमी. हा क्रम टिकला तर एका वेळी एकच कागद जातो. रोलर घासून गुळगुळीत झाला, तर पहिल्या दोघांची अदलाबदल होते आणि कागद जागचा हलत नाही. पॅड झिजलं तर ते कागद-कागदाच्या पातळीवर उतरतं आणि मशीन “दोन-दोन घ्यायला” लागतं. दुरुस्तीवाला येऊन शंभरातल्या नव्वद वेळा या दोन रबरी तुकड्यांपैकीच एक बदलून जातो. (नव्वद हा माझा अंदाज. बिलं मात्र खरी आहेत.)

मोठ्या मशिनांत पॅडऐवजी दुसरा रोलर असतो, आणि मला विचाराल तर अख्ख्या यंत्रातली सगळ्यात हुशार चीज तीच. या खालच्या रोलरला उलटं फिरवायचा जोर लावलेला असतो, पण मोजून मापून. मध्ये एकच कागद असेल, तर वरच्या रोलरची ओढ कागदातून थेट त्याच्यापर्यंत पोचते, त्याच्या उलट्या जोरावर मात करते आणि तो निमूटपणे सुलट फिरतो. दोन कागद घुसले की त्या दोघांमधली निसरडी जागा आड येते. वरची ओढ तिथंच घसरून जाते, खालच्या रोलरला मोकळीक मिळते आणि तो उलटा फिरून जादाचा कागद ट्रेकडे परत पाठवतो. ना कॅमेरा, ना मोजणी. एक आहे की दोन, हे घर्षणच सांगतं.

गठ्ठा फर्रकन सोडण्याचं कारणही इथंच सापडतं. कारखान्यात कागदांचे थर पात्याखाली एकदम कापले जातात. तेव्हा कडांचे तंतू एकमेकांत दाबले जाऊन किंचित चिकटतात. गुळगुळीत कागद एकमेकांवर बसले की मधली हवाही निघून जाते. गठ्ठा वाकवला की कडा सुटतात, हवा शिरते आणि तिसरं घर्षण, जे कमी असायला हवं, ते पुन्हा कमी होतं. ट्रेमध्ये अर्धा गठ्ठा शिल्लक असताना वर नवा टाकू नये, असं जाणकार सांगतात तेही याचसाठी. जिथं जुना आणि नवा गठ्ठा भेटतो, तिथंच दोन कागद बिलगून निघतात. आणि ट्रेचा तळ रिकामा करून पाहिला, तर तिथं बुचाची किंवा तशाच कशाची तरी चिकटवलेली पट्टी दिसेल. तळाच्या कागदाखाली दुसरा कागद नसतो. गुळगुळीत पत्र्यावरून शेवटचे दोघं हातात हात घालून निघू नयेत, म्हणून ती पट्टी कागदासारखी, किंबहुना कागदाहून जरा जास्त, धरून ठेवते.

“पेपर जॅम” या शब्दानंही आपली फसवणूक होते. कागद अडकलाय हे मशीनला दिसत नाही. त्याच्या वाटेवर ठिकठिकाणी छोटे पाय असतात. कागदानं पाय ढकलला की प्रकाशाचा किरण मोकळा होतो किंवा तुटतो, आणि कागद आल्याची वर्दी मिळते. ठरलेल्या वेळात वर्दी आली नाही की मशीन थांबून जॅम जाहीर करतं. म्हणून कधी कधी सगळी दारं उघडून, बॅटरी मारून शोधलं तरी आत काहीच सापडत नाही. कागद अडकलेला नसतो, त्याला उशीर झालेला असतो. रोलरवर कागदाची भुकटी बसली की हे नेहमीचं. कागद पांढरा आणि अपारदर्शक करायला त्यात बहुधा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच घातलेला असतो. तो झडतो आणि रबरावर पावडर लावल्यासारखा बसतो. ओलसर फडक्यानं रोलर पुसला की मशीन पुन्हा वेळेवर.

आता पाणी, म्हणजे बल्बचं कपाट.

ए-झीरो कागदाचं क्षेत्रफळ एक चौरस मीटर, आणि ए-फोर त्याचा सोळावा भाग. तेव्हा 80 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम भरणारा, ए-फोर कागद बरोबर 5 ग्रॅमचा, आणि रीम अडीच किलोची. कारखान्यातून निघताना कागदात साधारण 5 टक्के पाणी असतं. म्हणजे कोरड्या ठक्क वाटणाऱ्या त्या रिमेत सव्वाशे ग्रॅम पाणी आधीच आहे. कोकणातल्या श्रावणात वेष्टण फोडून ती रीम उघडी ठेवली की हा आकडा दुप्पट व्हायला फार दिवस लागत नाहीत. रिमेच्या वेष्टणाला आतून प्लॅस्टिकचा किंवा मेणाचा थर असतो तो यासाठीच. आपण मात्र ते टराटरा फाडून टाकतो.

पाणी प्यायलेला कागद सगळीकडे सारखा फुगत नाही. लाकडाचा तंतू ओला झाला की लांबीत जेमतेम वाढतो, जाडीत मात्र त्याच्या कितीतरी पट. आणि कागद बनताना लगदा धावत्या जाळीवर पडतो, त्यामुळे बरेचसे तंतू जाळीच्या दिशेनं आडवे होतात. याची परीक्षा आत्ता घेता येईल. जुनी वर्तमानपत्राची पुरवणी घेऊन वरून खाली फाडा, बऱ्यापैकी सरळ फाटेल. आडवी फाडायला जा, वाकडीतिकडी फाटत जाईल. कागदाला दिशा असते ती ही. ट्रेमधल्या गठ्ठ्याला दमट हवा लागते ती कडांना आधी. कडा फुगतात, मधला भाग तसाच राहतो, आणि कडांना साडीच्या निऱ्यांसारख्या लाटा येतात. असा कागद रोलरखाली गेला की सुरकुततो.

अक्षरांचंही बिघडतं. टोनर म्हणजे विद्युतभार दिलेली प्लॅस्टिकची बारीक पूड. ड्रम या फिरत्या नळकांड्यावरून ती कागदावर यावी म्हणून कागदाच्या पाठीमागून उलट भार लावतात. कोरडा कागद हा भार धरून ठेवतो. दमट कागदातून तो निसटतो, पूड ड्रमवरच राहते आणि छपाई फिकी, ठिगळाठिगळांची दिसते. पुढं फ्यूजरमध्ये दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या रोलरखालून कागद जातो तेव्हा त्यातल्या पाण्याची वाफ होते. पावसाळ्यात कधी प्रिंटरमधून धूर निघताना पाहून कुणी मेन स्विच बंद केला असेल, तर ती बहुधा वाफ असणार. एकाच बाजूनं वाळलेला कागद वळतो, आणि दुसऱ्या बाजूच्या छपाईसाठी परत आत शिरताना वळलेली कड कुठं तरी ठेचकाळते.

ताईंच्या कपाटातला बल्ब हा देशी जुगाड म्हणून हसण्यावारी नेणार होतो. पण दमट हवेसाठी मोठ्या झेरॉक्स मशिनांच्या ट्रेखाली बसवायचे छोटे हीटर कंपन्याच विकतात. काम तेच, बल्ब तेवढा वेगळा. नागपूरच्या मे महिन्यात उलटा त्रास होतो. हवा इतकी कोरडी की घासलेल्या कागदांवरचा विद्युतभार कुठं निसटूनच जात नाही, ते एकमेकांना चिकटून बसतात आणि मशीन पुन्हा दोन-दोन घेतं. विदर्भात बल्ब उपयोगाचा नाही, तिथं कुलर कामाला येतो.

विद्युतभार आणि पूड यांची ओळख जुनी आहे. जर्मनीतल्या गटिंगनचे प्राध्यापक गेओर्ग लिश्टनबेर्ग यांच्या 1777 साली लक्षात आलं, की राळेच्या चकतीवर ठिणगी पडून गेल्यावर धूळ टाकली, तर ती भाराच्या वाटेनं बसते आणि चांदण्यांसारखी नक्षी उमटते. याच लिश्टनबेर्गांनी 1786 साली एका पत्रात कागदाच्या अशा आकाराबद्दल लिहिलं, जो मधोमध दुमडला तरी त्याच्या लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. हे प्रमाण म्हणजे दोनाचं वर्गमूळ. जर्मनीनं 1922 साली त्याचं प्रमाणित माप केलं आणि आज आपण त्याला ए-फोर म्हणतो: 210 बाय 297 मिलिमीटर. धुळीची नक्षी आणि कागदाचा आकार, लेझर प्रिंटरच्या दोन्ही टोकांना एकच माणूस उभा आहे, आणि त्याच्या हयातीत या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता.

त्यांची गाठ पडायला दीडशे वर्षं जावी लागली. 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन आणि त्यांचे मदतनीस ऑटो कोर्नाय यांनी गंधक लावलेला जस्ताचा पत्रा घासून भारित केला, काचेवर लिहिलेल्या अक्षरांचा प्रकाश त्यावर पाडला, पूड भुरभुरली आणि मेणकागदावर पहिली कोरडी नक्कल उतरवली. बाजारात यशस्वी झालेलं यंत्र यायला 1959 उजाडलं. त्याचं नाव झेरॉक्स 914, कारण ते 9 बाय 14 इंचांपर्यंतचा कागद घेई. आत अडकलेला कागद कधी कधी तापून पेट घेई, म्हणून यंत्रासोबत आग विझवायचं एक छोटं उपकरण दिलं जाई. त्याला विक्रेते “आग विझवणारं” असं न म्हणता “स्कॉर्च एलिमिनेटर”, म्हणजे होरपळ घालवणारं म्हणत. विक्रेत्यांची भाषा तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

914मधले चौदा इंच आपल्याकडे कचेरीसमोरच्या प्रत्येक दुकानाला पाठ आहेत. ते लीगल कागदाचं माप. सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली ए-फोर आणि दोन्ही बाजूंनी छपाई स्वीकारली, तरी कचेऱ्यांच्या आसपास लीगल, फूलस्केप, हिरवा लेजर असं सगळं अजून नांदतं, आणि ट्रेच्या पट्ट्या दिवसातून वीसदा सरकतात. पट्टी सैल राहिली तर कागद तिरका जातो, आवळली तर कागदाला पोक येतो.

कागदाऐवजी ट्रेमध्ये जाणाऱ्या बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात. पाकिटात हवा आणि गोंद दोन्ही असतात. फ्यूजरमध्ये हवा सुरकुत्या पाडते, गोंद पाकीट परस्पर बंद करून देतो. अर्धी वापरलेली स्टिकरची शीट तर लेझरला कधीच देऊ नये, उरलेलं स्टिकर सुटून ड्रमला चिकटलं की ड्रमच बदलावा लागतो. इंकजेटचा चकचकीत फोटो पेपरही तसाच: त्यावरचा थर शाई प्यायला बनवलेला असतो, दोनशे अंश सोसायला नव्हे.

दहा मिनिटं झाली. ताईंनी आधी एका रद्दी कागदावर पेन्सिलीनं फुली मारली, फुली वर ठेवून तो आत सोडला. छापून आलेला कागद स्टॅम्प पेपरवर ठेवून दोन्ही ट्यूबलाइटसमोर धरले. कुठली बाजू छापली जाते, कुठली कड आधी शिरते आणि मजकूर स्टॅम्पच्या चित्राखाली कुठं सुरू होतो, हे एका नजरेत कळलं. पहिली ओळ अशोकस्तंभावर चढत होती. त्यांनी वरचा समास बोटभर वाढवला. मग मशीनचं मागचं दार उघडलं, म्हणजे जाड कागदाला आत यू वळण घ्यावं लागू नये, आणि कपाटातला कोमट स्टॅम्प पेपर पुढच्या सुट्या फटीत अलगद टेकवला.

रोलर फिरला. कागद चार बोटं आत गेला आणि थबकला. माझ्या छातीत धस्स झालं.

“सरळ होतोय तो,” ताई म्हणाल्या.

आत थांबलेल्या दोन रोलरांवर कागदाची कड टेकते, मागून ढकललं गेल्यानं तो किंचित कमानतो, कड सरळ होते, आणि मग ड्रमवरचा मजकूर जागेवर येताच रोलर त्याला सोडतात. दुसऱ्या क्षणी तो मागच्या दारातून बाहेर आला, न सुरकुतता. वाफेचा जरासा वास होता. ताईंनी तो दोन मिनिटं पुस्तकाखाली दाबून ठेवला. दारात कुणी तरी छत्री झटकत उभं होतं, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला स्टॅम्प पेपर. ताईंनी तो घेतला, दोन बोटांत चाचपला आणि कपाटाचं दार उघडलं.