ड्रोन हातावर घ्यावा का?

मुंबईच्या उपनगरांना ड्रोन नवा नाही. पवईच्या आयआयटीत शिकलेल्या काही तरुणांनी २००७ साली आयडियाफोर्ज ही कंपनी सुरू केली आणि चार पंख्यांवर उडणारी छोटी यंत्रे बनवायला घेतली. २००९ साली आलेल्या ‘थ्री इडियट्स’ या चित्रपटात कॉलेजातल्या विद्यार्थ्याने बनवलेले म्हणून जे उडते यंत्र दिसते, ते याच मंडळींचे होते. पुढे पुण्यातील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेच्या सहकार्याने त्यांनी ‘नेत्र’ हा सुमारे दीड किलो वजनाचा ड्रोन तयार केला. २०१३ साली उत्तराखंडात महापूर आला, तेव्हा अडकलेल्या माणसांच्या शोधासाठी तो वापरला गेला.

त्यानंतर ड्रोन झपाट्याने स्वस्त झाले. आज ते लग्नाच्या हॉलबाहेर दिसतात, मैदानावरच्या सामन्यांत दिसतात आणि अनेक शाळांच्या अटल टिंकरिंग लॅबमध्येही पोहोचले आहेत. त्यांच्याबरोबर एक सवयही आली आहे. जागा अपुरी असली की छायाचित्रकार ड्रोन तळहातावरून उडवतो आणि उतरताना अलगद हाताने पकडतो. पाहणाऱ्या मुलांना त्यात मोठी ऐट वाटते आणि पहिली संधी मिळताच ती तसेच करू पाहतात. म्हणून या सवयीमागचे विज्ञान आपण शिक्षकांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

हातावर घेण्याचे कारण

ही सवय निव्वळ ऐटीपायी पडलेली नाही, हे आधी मान्य करू. ड्रोनमध्ये दिशा ओळखण्यासाठी एक इवलेसे होकायंत्र असते. गच्चीच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांचे जाळे असते. ड्रोन थेट स्लॅबवर ठेवला की होकायंत्राची दिशा चुकू शकते. तो जरा उंच धरला की हा परिणाम कमी होतो. आक्सा किंवा गोराईच्या किनाऱ्यावर अडचण वेगळीच. तेथे पंख्यांच्या वाऱ्याने वाळू उडते आणि मोटारींत शिरते. हेलकावे खाणाऱ्या होडीवर तर ड्रोन उतरवायला स्थिर जागाच नसते. समुद्रात देवमाशांचा अभ्यास करणारे संशोधक म्हणूनच होडीतून ड्रोन हाताने सोडतात आणि हातानेच पकडतात. मात्र ती माणसे त्यासाठी खास सराव केलेली असतात आणि हातमोजे, चष्मा घालून हे काम करतात.

पात्याच्या टोकाचा वेग

आता थोडे गणित करू. वर्गातल्या छताच्या पंख्याचा व्यास १२० सेंटिमीटर असतो आणि तो मिनिटाला सुमारे ३५० फेरे घेतो. त्याच्या पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला २२ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या जवळपास येतो. साधारण एक किलोच्या ड्रोनचा पंखा अवघ्या २१ सेंटिमीटर व्यासाचा असतो. पण ड्रोन नुसता हवेत स्थिर राहण्यासाठीही तो मिनिटाला ५ ते ६ हजार फेरे घेतो. मिनिटाला ६ हजार फेरे धरले तर टोकाचा वेग सेकंदाला ६६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २४० किलोमीटर होतो. आपली लोकल गाडी भरधाव जाते तेव्हाही तिचा वेग याच्या निम्म्याहून कमीच असतो.

पाते दहा ग्रॅमचे आणि सरळ पट्टीसारखे धरले, तर त्याची गतिज ऊर्जा वस्तुमान आणि टोकाच्या वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या एकषष्ठांश असते. हा हिशोब सुमारे ७ ज्यूल येतो. एक किलोचे वजन ७० सेंटिमीटर उंचीवरून पडले तर एवढीच ऊर्जा घेऊन खाली येते. छताच्या पंख्यात एकूण ऊर्जा याहून अधिक असते, पण त्याची पाती रुंद आणि बोथट असतात. ड्रोनच्या पात्याची कड पातळ असते आणि सगळा घाव त्या बारीक रेषेवर पडतो.

आणखी एक हिशोब मुलांना जरूर करायला द्यावा. सेकंदाला १०० फेरे आणि पंख्याला दोन पाती, म्हणजे एका जागी ठेवलेल्या बोटावरून सेकंदाला २०० वेळा पाते जाणार. काही टोचल्याचे जाणवून हात मागे घेण्यास माणसाला सुमारे एकपंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात कागदावर ४० घाव होतात! प्रत्यक्षात पहिल्या घावाने पंखा मंदावतो. पण मोटार त्याला पुन्हा फिरवू पाहत असते, म्हणून जखमा बहुधा एका घावाच्या नसतात.

येथे तारतम्यही हवे. तीस-चाळीस ग्रॅमच्या खेळण्यातल्या ड्रोनची पाती अर्ध्या ग्रॅमची आणि लवचीक प्लॅस्टिकची असतात. त्यांची ऊर्जा वरच्या उदाहरणाच्या मानाने कित्येक पटींनी कमी भरते. बोटावर बसलेला त्यांचा फटका चुरचुरतो इतकेच. डोळ्याला मात्र त्यांच्यापासूनही जपायला हवे.

हात की वारा?

वेगवान पाती हा धोक्याचा अर्धाच भाग झाला. दुसरा अर्धा ड्रोनच्या ‘मेंदू’त आहे आणि त्याची कल्पना फार थोड्यांना असते.

चार पंख्यांचा ड्रोन आपणहून स्थिर नसतो. त्यातील जायरोस्कोप आणि त्वरणमापक सेकंदाला शेकडो वेळा यंत्राचा कल मोजतात. ड्रोन डावीकडे कलला की नियंत्रक डावीकडच्या मोटारींचा वेग वाढवतो, उजवीकडच्यांचा कमी करतो आणि यंत्र पुन्हा सपाट होते. वाऱ्याचा झोत आला तरी ड्रोन उलटत नाही तो यामुळेच.

आता समजा, तुम्ही हवेतल्या ड्रोनचा डावा पाय धरला आणि खाली ओढला. ड्रोन डावीकडे कलला. कोणीतरी पाय धरला आहे हे नियंत्रकाला कळायला मार्ग नाही. त्याच्या लेखी हा वाऱ्याचा झोतच. तो डावीकडच्या मोटारींचा वेग वाढवतो, म्हणजे नेमक्या तुमच्या बोटांजवळच्या पंख्यांचा! तुम्ही अधिक जोराने ओढता, तो अधिक जोराने विरोध करतो. चूक दूर होत नाही असे दिसले की बहुतेक नियंत्रक ती साठवत जातात आणि विरोध वाढवत नेतात. मग घाबरून हात सोडला, की साठलेला सगळा जोर एकदम मोकळा होतो आणि ड्रोन भलत्याच दिशेला उसळतो. त्या दिशेला कोणाचा चेहरा असेल, हे कोणी सांगावे?

उंचीचेही असेच असते. अनेक ड्रोनच्या पोटाशी जमिनीचे अंतर मोजणारा संवेदक असतो. त्याखाली तळहात धरला की जमीन एकाएकी वर आली असे त्याला वाटते आणि ड्रोन वर सरकतो. धरणारा मग त्याच्या मागे हात उंचावतो आणि तोल घालवतो. मोटारी बंद होण्यातही अडचण येते. खाली जाण्याचा हुकूम असूनही आपण खाली जात नाही आणि हालतही नाही, यावरून ड्रोन ‘मी जमिनीवर टेकलो’ असे ठरवतो. माणसाचा हात थोडा तरी थरथरतोच. त्यामुळे हा निर्णय लांबतो आणि पंखे अपेक्षेपेक्षा जास्त वेळ फिरत राहतात.

वर्गात करून पाहा

हे तत्त्व ड्रोनशिवाय दाखवता येते. एका विद्यार्थ्याला डोळे मिटून हात पुढे करायला सांगा आणि त्याच्या तळहातावर जाडजूड शब्दकोश ठेवा. हात स्थिर झाला की दुसऱ्याने न सांगता तो शब्दकोश झटकन उचलावा. पहिल्याचा हात आपोआप वर उसळेल. आता त्याने स्वतःच दुसऱ्या हाताने शब्दकोश उचलावा. या वेळी हात जवळजवळ हलणार नाही. आपण काय करणार आहोत हे आपल्या मेंदूला आधीच ठाऊक असते, म्हणून तो स्नायूंचा जोर वेळेवर कमी करतो. हातावर घेतलेला ड्रोन नेहमीच पहिल्या प्रयोगातल्या विद्यार्थ्यासारखा असतो. आपल्या मनातले त्याला आधी कळत नाही.

घडलेल्या दोन गोष्टी

३० मे २०१५ रोजी मेक्सिकोतील तिहुआना शहरात गायक एन्रिके इग्लेसियास याचा कार्यक्रम चालू होता. प्रेक्षकांचे चित्रण करणारा ड्रोन तो कार्यक्रमांत हाताने पकडत असे. त्या दिवशी मात्र पात्यांनी त्याची बोटे कापली आणि पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. सरावलेल्या माणसाचीही गफलत होते, हा यातला धडा. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये घराच्या आवारात उडवलेला ड्रोन झाडाला अडकून भरकटला आणि त्याच्या पात्याने एका लहानग्याचा डोळा गेला. येथे तर कोणी ड्रोन पकडायलाही गेले नव्हते. पंखे फिरत असताना माणूस जवळ असणे, एवढेच पुरेसे होते.

पंखवाला ड्रोन

विमानासारख्या लांब पंखांचे ड्रोन मात्र फेकूनच उडवायचे असतात. अमेरिकी सैन्याचा सुमारे १.९ किलोचा ‘रेव्हन’ हाताने फेकला जातो. पण तो पकडायचा नसतो. तो तिरपा खाली येतो, जमिनीवर आपटतो आणि त्याचे भाग सुटे होतात. आदळण्याची ऊर्जा अशी वाटली जावी म्हणून त्याची रचनाच तशी केली आहे.

अशा यंत्राचा पंखा मागे असेल तर फेकल्यावर तो हातावरूनच पुढे जातो. म्हणून हातातून सुटल्यानंतर क्षणभराने मोटार सुरू व्हावी, अशी योजना काही यंत्रांत करतात. फेकण्याची दिशाही महत्त्वाची. समजा, हवेत तरण्यासाठी यंत्राला सेकंदाला ९ मीटर वेग हवा आणि वारा सेकंदाला ४ मीटर आहे. वाऱ्याकडे तोंड करून फेकले तर हाताने ५ मीटर वेग द्यावा लागेल, वारा पाठीवर घेतला तर १३. मुंबईत पावसाळा सोडला तर दुपारी वारा बहुधा समुद्राकडून येतो, तेव्हा फेकताना तोंड पश्चिमेकडे असावे. मोटार नसलेल्या बाल्सा लाकडाच्या किंवा थर्माकोलच्या ग्लायडरवर हा धडा उत्तम आणि निर्धोक शिकवता येतो.

हातावर घेणे अटळच असेल तर

जाणत्या प्रौढांवरही असा प्रसंग क्वचितच यावा. आलाच, तर काही पथ्ये आहेत.

माणसे दोन असावीत. एकाने ड्रोन चालवावा, दुसऱ्याने धरावा. दोन्ही कामे एकट्याने करू नयेत. धरणाऱ्याने जाड हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालावा; सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस आवरावेत. पंख्यांभोवती संरक्षक कडी असावीत.

उडवताना ड्रोन खालून धरून, हात सरळ करून डोक्याहून उंच आणि सपाट ठेवावा. तो वर ओढू लागला की बोटे नुसती उघडावीत, फेकू नये. उतरवताना हाताने ड्रोनकडे जाऊ नये, चालकाने ड्रोन हातावर आणावा. तो हवेत स्थिर झाल्यावर खालून पाय धरावेत, सपाटच ठेवावेत आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत सोडू नयेत. वारा असेल किंवा ड्रोन डुलत असेल तर हात मागे घ्यावा. पडलेला ड्रोन दुरुस्त होतो. बोटाचे तसे नाही.

शाळेसाठी नियम एकच

विद्यार्थ्यांनी ड्रोन हातावर घ्यायचा नाही, असा नियम शाळेत सरसकट असावा असे आम्हांला वाटते. त्यावाचून काही अडतही नाही. गच्चीवरच्या सळ्यांसाठी लाकडी टेबल पुरते, वाळूसाठी प्लायवूडचा तुकडा किंवा चटई पुरते. प्रयोगशाळेत मोटारी तपासताना पंखे काढून ठेवावेत. ड्रोनला हात लावण्याआधी बॅटरी काढावी. मोटारी तत्काळ बंद करण्याची युक्ती प्रत्येक चालकाला पाठ असावी. जखम झालीच तर स्वच्छ कापड घट्ट दाबून, हात उंच धरून दवाखाना गाठावा. डोळ्याला लागले तर तो चोळू नये, दाबूही नये. त्यावर दाब न देता आच्छादन ठेवून तडक रुग्णालयात न्यावे.

उडवण्याआधी जागेचाही विचार करावा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आकाशाचे लाल, पिवळे आणि हिरवे असे विभाग केलेले आहेत. अंधेरीच्या कुशीतच सांताक्रूझचा आणि जुहूचा विमानतळ आहे, घाटकोपरच्या डोक्यावरून विमाने उतरतात आणि बोरिवलीत राष्ट्रीय उद्यान आहे. ड्रोन २५० ग्रॅमहून हलका असला, तरी यातून आपोआप सूट मिळत नाही. सरकारी नकाशा आणि पोलिसांचे चालू आदेश पाहिल्यावाचून शाळेने मैदानात उतरू नये.

मुलांना ड्रोनची भीती घालण्याचे कारण नाही. कल मोजणे, चूक ओळखणे आणि ती सुधारणे हे त्याचे काम समजले, की नियमाचे कारणही आपोआप समजते. कारण समजलेला नियम मुले शिक्षक जवळ नसतानाही पाळतात, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे.