सर्दीची गोळी : किती गुणाची, किती भरवशाची?



पाऊस ओसरतो, स्ट्रॉबेरीच्या लागवडीची घाई सुरू होते, आणि नेमकी त्याच वेळी पाचगणी, भिलार, खिंगर भागात घरोघरी नाकं वाहू लागतात. दवाखान्यात जायला कुणाला सवड नसते. मग दुकानातून सर्दीची गोळी आणायची, पाण्याबरोबर घ्यायची आणि वाफ्यावर हजर व्हायचं. पण ही गोळी नेमकं काय करते, ते समजून घ्या.

सर्दी विषाणूंमुळे होते. त्या विषाणूंना मारणारी गोळी दुकानात मिळत नाही. साधी सर्दी बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआप जाते. गोळीने हे दिवस कमी होत नाहीत, फक्त त्रास थोडा हलका होतो. अँटिबायोटिकचाही उपयोग नाही. पिकावरच्या विषाणू रोगाला बुरशीनाशक मारून काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. खर्च तेवढा होतो.

सर्दीच्या एकाच गोळीत बहुधा तीन औषधं असतात. पहिलं पॅरासिटामॉल. ताप आणि अंगदुखीला त्याचा गुण येतो. मात्र सर्दीची गोळी आणि वर तापाची वेगळी गोळी घेतली तर तेच औषध दुप्पट पोटात जातं आणि यकृताला धोका होतो. पाकिटावरची नावं वाचून घ्या. दुसरं क्लोरफेनिरामाइनसारखं औषध. नाकाचं पाणी थोडं कमी होतं, पण झोप येते. ही गोळी घेऊन पसरणी घाटात गाडी किंवा शेतात ट्रॅक्टर चालवू नये. तिसरं फेनिलेफ्रिन, चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी. ते तोंडावाटे घेतल्यास गुणकारी नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने काढला. रक्तदाब असणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊच नये. नाकात टाकायच्या थेंबांनी नाक लगेच मोकळं होतं, पण पाच दिवसांच्या वर वापरल्यास उलट जास्त चोंदतं.

लहान मुलांच्या बाबतीत तर चालढकल नको. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात विषारी भेसळीचं खोकल्याचं औषध पोटात जाऊन वीसहून अधिक बालकं दगावली. काही मुलांवर आपल्या नागपुरात उपचार सुरू होते. तेव्हा घरात उरलेली बाटली मुलाला पाजू नका.

मग करायचं काय? विश्रांती, गरम पाणी, पेज, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. रात्रीच्या खोकल्याला चमचाभर मध चांगला, आणि मधाची आपल्या महाबळेश्वर तालुक्यात वाण नाही. मात्र एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. वाफ घेताना उकळतं भांडं मुलांच्या जवळ ठेवू नका.

आता माझ्या खात्याशी संबंधित गोष्ट. फवारणीनंतर काही तासांत नाक, डोळे व तोंडातून पाणी सुटलं, घाम फुटला, मळमळ झाली, दिसायला अंधुक झालं, तर ती सर्दी समजू नका. काही कीटकनाशकांची विषबाधा अशीच सुरू होते. गोळी घेऊन घरी पडून राहू नका. कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि औषधाच्या डब्यावरचं लेबल घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

धाप लागली, छातीत दुखलं, किंवा ताप तीन दिवसांत उतरला नाही, तरीही डॉक्टरांकडे जा. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी, ही तपासणी मोफत होते. क्षयरोग्यांच्या उपचारासाठी नावाजलेल्या पाचगणीत हे वेगळं सांगायची गरज पडू नये.

ग्रामसेवक, सरपंच व आशाताईंनी ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखवावी, ही विनंती.