तिरकं विमान, आडवा वारा

सिल्लोडला विमानतळ नाही. नैर्ऋत्येला रस्त्याने साधारण 65 किलोमीटरवर चिकलठाणा आणि उत्तरेला अजिंठ्याचा घाट उतरून जळगाव, या दोन धावपट्ट्यांच्या मधे हा तालुका येतो. दोन्ही धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत, दोन्हींचे क्रमांक 09 आणि 27. उत्तरेचा किंवा दक्षिणेचा सोसाट्याचा वारा सुटला की छोट्या विमानाला तो दोन्हीकडे आडवाच लागतो. मुंबईत जुहूला एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत, त्यामुळे तिथे निवडीला वाव असतो. इकडे तो नाही. क्रॉसविंडमध्ये, म्हणजे आडव्या वाऱ्यात, विमान कसं उतरवतात याबद्दलचे समज मात्र सगळीकडे सारखेच चुकीचे असतात.

गैरसमज : विमान तिरकं येतंय, म्हणजे पायलटचा ताबा सुटला.

हा सगळ्यात पक्का समज. मोबाइलवरचे व्हिडिओ त्याला रोज खतपाणी घालतात. खरं तर हवेतल्या विमानाला स्थिर वारा बाजूने धक्के देत नसतो. विमान त्या हवेतच असतं आणि तिच्यासोबत सरकत असतं. पैठणला गोदावरी ओलांडणारा नावाडी नावेचं तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो आणि समोरच्या घाटाला नेमका लागतो. वैमानिकही तसंच नाक वाऱ्याकडे वळवून ठेवतो. नाक एकीकडे दिसतं, पण विमान धावपट्टीच्या रेषेतच पुढे येत असतं. 65 नॉट वेगाने येणाऱ्या सेसना 172 ला 15 नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे 28 किलोमीटरच्या, पूर्ण आडव्या वाऱ्यात नाक सुमारे 13 अंश वळवावं लागतं. 140 नॉटने येणाऱ्या प्रवासी जेटला त्याच वाऱ्यात सहा अंश पुरतात. छोटं विमान जास्त वाकडं दिसतं ते वेग कमी असल्यामुळे.

खरी कसोटी जमिनीपासून काही फुटांवर सुरू होते. विमान तसंच तिरकं टेकलं तर चाकांवर आडवा ताण येतो आणि ते धावपट्टीबाहेर ओढलं जाऊ शकतं. म्हणून शेवटच्या क्षणांत हात आणि पाय वेगवेगळं काम करतात. पायाने रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, दाबून नाक मध्यरेषेशी सरळ करायचं आणि हाताने एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, वाऱ्याच्या बाजूला देऊन त्या बाजूचा पंख किंचित खाली ठेवायचा, म्हणजे विमान वाहून जात नाही. अशा वेळी वाऱ्याकडचं चाक आधी टेकतं, मग दुसरं, शेवटी नाकाचं. बघणारे ‘एका चाकावर उतरलं’ म्हणून नाकं मुरडतात. प्रशिक्षक मात्र नेमकं हेच शिकवतात.

गैरसमज : पुस्तकात 15 नॉट लिहिलंय, त्यापुढे विमान उलटतं, त्याच्या आत धोकाच नाही.

दोन्ही अर्धी वाक्यं चूक आहेत. सेसना 172 च्या पुस्तिकेतला 15 नॉट हा आकडा चाचणीत प्रत्यक्ष उतरून दाखवलेल्या आडव्या वाऱ्याचा आहे. ती मर्यादा नाही, असं पुस्तिकाच सांगते. सेसना 152 साठी तोच आकडा 12 नॉट आहे. पण चाचणी वैमानिकाने गाठलेला आकडा म्हणजे आपल्याला मिळालेला परवाना नव्हे. नुकतंच लायसन्स मिळालेल्या, सहा महिने विमानाला हात न लावलेल्या माणसाची मर्यादा आठ नॉटही असू शकते. ती त्याने घरी बसून, शांत डोक्याने ठरवायची असते. धावपट्टी समोर दिसत असताना ठरवायची नसते.

शिवाय वाऱ्याचा सगळा वेग आडवा नसतोच. 20 नॉटचा वारा धावपट्टीशी 30 अंशांचा कोन करत असेल तर आडवा भाग 10 नॉट, 45 अंशांत 14 आणि 60 अंशांत 17.

त्यामुळे पावसाळ्यातला वारा सगळ्यात वाईट, हेही आपल्याकडे सरसकट खरं नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे मराठवाड्यावरून साधारण पश्चिमेकडून वाहतात आणि 27 क्रमांकाच्या धावपट्टीवर, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उतरताना, ते बरेचसे समोरून येतात. जास्त भीती वाटावी ती वळवाच्या दुपारची. ढग भरून आले की वारा काही मिनिटांत दिशा बदलतो, झोत येतात आणि विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, गरगरतो. स्थिर 15 नॉटपेक्षा 8 वरून 20 वर उसळणारा वारा कितीतरी अवघड असतो.

गैरसमज : वारा जोराचा असेल तर वेग भरपूर ठेवावा.

थोडा ठेवावा, भरपूर नाही. नेहमीची पद्धत अशी की झोत आणि स्थिर वारा यांतल्या फरकाचा निम्मा वेग वाढवायचा. 12 नॉटचा वारा 20 पर्यंत उसळत असेल तर चार नॉट. त्याहून जास्त वेग घेतला तर विमान टेकायलाच तयार होत नाही, धावपट्टीवर तरंगत राहतं आणि तेवढा जास्त वेळ वाऱ्याच्या तावडीत सापडतं.

मोठ्या विमानाला वाऱ्याचं काही नसतं, असंही लोक म्हणतात. 1 मार्च 2008 ला हॅम्बुर्गला लुफ्तान्साच्या एअरबस ए-320 चा डावा पंख आडव्या वाऱ्यात उतरताना धावपट्टीला घासला होता. वैमानिकांनी विमान पुन्हा वर नेलं आणि दुसऱ्या धावपट्टीवर सुखरूप उतरवलं.

गैरसमज : चाकं टेकली, काम झालं.

उलट विमान हळू होतं तसे एलेरॉन आणि रडर दुबळे होत जातात, म्हणून एलेरॉन वाऱ्याकडे आणखी फिरवत न्यावा लागतो. पार्किंगपर्यंत जातानाही वाऱ्याची दिशा डोक्यात ठेवावी लागते. हलकं, वरच्या पंखाचं विमान उभं असतानाही वाऱ्याने उचललं जाऊ शकतं. त्याला दोराने बांधून ठेवतात ते उगाच नाही.

राहिला गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाणं. प्रवाशांना ती नामुष्की वाटते. माझ्या मते आडव्या वाऱ्यात वैमानिकाचा दर्जा कळतो तो इथेच. मध्यरेषा सुटली, विमान सरकू लागलं, की पूर्ण पॉवर देऊन वर जायचं. दुसऱ्यांदाही जमलं नाही तर जिथे वारा समोरून मिळेल तिथे जायचं, त्यासाठीचं इंधन आधीच टाकीत असलं पाहिजे. खासगी विमानात अनेकदा मागच्या सीटवर मालक असतो आणि त्याला मुहूर्त किंवा सभा गाठायची असते. अशा विमानात बसायची वेळ तुमच्यावर आली आणि पायलट ‘आज इथे उतरत नाही’ म्हणाला, तर त्याला ‘बघा ना, जमतंय का’ असं म्हणू नका.