रात्री वीज गेली तर सीपॅप मशीन किती तास चालेल?

स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याचा आजार. त्यात सीपॅप मशीन मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवते. वीज गेली की मशीन थांबते आणि श्वास पुन्हा अडू लागतो. नांदेड-लातूरकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि वादळी पावसात रात्री वीजही जाते. अशा वेळी घरचा इन्व्हर्टर पुरेल का?

१२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटरीत १,८०० वॅट-तास वीज मावते. मात्र लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरू देऊ नये. इन्व्हर्टरमध्येही थोडी वीज वाया जाते. हाती उरतात साधारण ७५० वॅट-तास.

ह्युमिडिफायर बंद असेल आणि मशीन ४० वॅट घेत असेल, तर ८ तासांना ३२० वॅट-तास लागतात. एवढी वीज सहज पुरते. खरा खर्च पंख्याचा असतो. ७५ वॅटचा जुना पंखा तेवढ्याच वेळात ६०० वॅट-तास खातो. दोन्ही मिळून ९२० होतात, म्हणजे साडेसहा तासांतच मर्यादा गाठली जाते. ३० वॅटचा बीएलडीसी पंखा असेल तर बेरीज ५६० वर येते आणि रात्र निभते.

ह्युमिडिफायर पाणी तापवतो, त्यामुळे तो सुरू असल्यास मशीनची वीज दुप्पटही होऊ शकते. तो बंद ठेवावा का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्यावा. बॅटरी जुनी झाली की क्षमता घटते, म्हणून उन्हाळ्याआधी एकदा मेन स्विच बंद करून चाचणी घ्यावी.