कॉस्टिक आणि तपासणीची नळी



बोरघाट उतरून मुंबईकडे निघालो की खोपोली, खालापूर लागते. तिकडे पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत. औषध शुद्ध आहे की नाही, हे तिथे एका वीतभर पोलादी नळीतून तपासतात. नळीत 3 ते 5 मायक्रॉनचे सिलिकेचे कण ठासलेले असतात. द्रव दाबाने आत सोडला की त्यातले घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि प्रत्येकाचे माप मिळते. ही लिक्विड क्रोमॅटोग्राफी. नळीला म्हणतात कॉलम.

आपल्याला त्याचे काय? मळीत किती साखर वाया गेली, हे पोलरीमीटर नीट सांगत नाही; ग्लुकोज, फ्रुक्टोज मध्ये लुडबुड करतात. कॉलम तिन्ही साखरा वेगळ्या करून दाखवतो. उसाची किंमत उताऱ्याशी बांधलेली आहे, म्हणून साखर कुठे गळते हे कळायलाच हवे.

आता कॉलमचा शत्रू पाहू. उसाचे पाते हाताला कापते, ते सिलिकेमुळे. तीच सिलिका रसातून येऊन इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत थर धरते आणि आपण कॉस्टिक उकळून तो थर काढतो. जे कॉस्टिक थर सोडवते, तेच कॉलममधले कणही विरघळवते! जमीन चोपण झाली की सामू साडेआठच्या वर जातो, हे आपण जाणतोच. साधा सिलिका कॉलमही सामू 8 च्या पुढे झिजू लागतो. द्रव गरम असला तर आणखी लवकर. मग पुष्कळशी औषधे विम्लात चांगली वेगळी होतात, तिथे काय करायचे? त्यासाठी सिलिकेत सेंद्रिय भाग गुंफलेले कण निघाले. त्यांतले काही सामू 12 पर्यंत टिकतात. मळीतील साखर मोजण्याच्या एका पद्धतीत तर कॉस्टिकच वाहते. तिथे पॉलिमरचेच कण लागतात.

खरा धोका असा, की कॉलम एका दिवसात मरत नाही. आधी आलेखाची शिखरे पसरतात, एकमेकांत मिसळतात, आकडे हळूहळू चुकतात. म्हणून ठरलेल्या मापाचा साखरेचा नमुना रोज आधी चालवावा, आणि सिलिकेचा कॉलम काम संपताच धुवावा. विम्लात रात्रभर ठेवू नये. काटा तपासल्याशिवाय आपण गाडी तोलू देत नाही. प्रयोगशाळेच्या काट्यालाही तोच नियम लावू या.