पणजीचा ठावठिकाणा

पणजोबांचे नाव विचारले, तर आपण बहुधा चटकन सांगाल. आता पणजीचे सांगा पाहू! तेही आठवलेच, तर तिचे माहेरचे आडनाव कोणते, गाव कोणते? इथं भलेभले थांबतात. आपल्याकडच्या वंशावळीत बापाखाली मुलगा आणि मुलाखाली नातू. घरात आलेल्या बायकांना तिथं जागाच नाही. म्हणून पूर्वजांचा शोध घ्यायचाच, तर तो पणजीचा घ्यावा, असे मला वाटते. काम कठीण आहे, पण अशक्य नव्हे.

आधी तीर्थोपाध्यायांची वही पाहावी. नाशिक किंवा त्र्यंबकेश्वर येथे आपल्या कुळाचे उपाध्ये गाठून आडनाव आणि मूळ गाव सांगितले, की ते जुनी बाडे काढतात. श्राद्धाच्या वेळी बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावे घ्यावी लागतात. त्यामुळे एखाद्या नोंदीत बायकांची नावे हाती लागतात. साल शकाचे असेल तर त्यात 78 मिळवा. शके 1840 म्हणजे 1918.

हे 1918 साल ध्यानात ठेवा. त्या वर्षीच्या इन्फ्लुएंझाला लोक 'मानमोडी' म्हणत, आणि तिने घरेच्या घरे ओस पाडली. तेव्हा गेलेल्या माणसांची नोंद कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये शोधावी. ही बुके तहसील कचेरीच्या दप्तरात मिळतात; पुष्कळशी मोडीत आहेत, तेव्हा वाचणारा बरोबर न्यावा. जन्माची नोंद मात्र फसवी. तिथं पुष्कळदा बापाचे नाव असते, आणि पुढे नुसते 'मुलगी'!

पण पणजी खरी भेटते ती जमिनीच्या कागदात. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा 1903 साली झाला. खातेदार वारला की वारसांची नोंद फेरफारात, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये होई. एकत्र कुटुंबात जमीन मुलांच्या नावे लागे, विधवेच्या वाट्याला अन्नवस्त्र. (तिला नवऱ्याच्या हिश्श्यात हक्क मिळाला तो 1937 च्या कायद्याने, तोही हयातीपुरता.) मग तिचे नाव कागदावर यावे कसे? मुले लहान असली की येई. त्यांच्या नावापुढे 'अ. पा. क. आई' अशी अक्षरे दिसतात. अज्ञान पालन करणारी, असा त्याचा अर्थ. या तीन अक्षरांवरून किती कळते पाहा: नवरा कोणत्या साली गेला, मुले किती होती, कोणते शेत तिने राखले. पुढच्या फेरफारात तेच शेत सावकाराकडे गहाण पडलेले दिसले, तर त्या वर्षी घरात काय चालले असेल, हे निराळे सांगायला नको.

जुनी खते घरच्या ट्रंकेत असतील तर तीही उलगडा. लिहिता न येणाऱ्या बाईच्या नावाखाली 'निशाणी बांगडी' असे लिहून एक वाटोळे काढलेले असते. शेजारच्या साक्षीदारांची नावे नीट वाचा बरे. त्यांतला एखादा आपल्या गावचा नसतो. तो कधी कधी तिचा भाऊ निघतो, आणि माहेरचे आडनाव व गाव दोन्ही तिथंच मिळतात.