मोनार्क फुलपाखरांचे अरण्य आणि बांधावरची रुई



बांधावरच्या रुईच्या पानावर काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांची अळी आपण अनेकदा पाहिली असेल. तिच्या अंगावर काळ्या दोऱ्यांसारख्या तीन जोड्या असतात. या अळीपासून नारिंगी रंगाचे फुलपाखरू तयार होते. त्याचेच एक भावंड उत्तर अमेरिकेत आहे. त्याचे नाव मोनार्क. दरवर्षी कोट्यवधी मोनार्क फुलपाखरे मेक्सिको देशातील एका डोंगराळ अरण्यात हिवाळा काढण्यासाठी जातात. ते अरण्य पाहण्यासाठी जगभरातून लोक येतात. फुलपाखरांच्या या प्रवासाचा शेतीशी फार जवळचा संबंध असल्याने त्याची माहिती येथे देत आहे.

अरण्य कोठे आहे?

मेक्सिको शहराच्या वायव्येस सुमारे १०० किलोमीटरवर, मिचोआकान व मेक्सिको या दोन राज्यांच्या सीमेवर हे राखीव क्षेत्र आहे. त्याचे क्षेत्रफळ ५६,२५९ हेक्टर असून सन २००८ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला. फुलपाखरे सुमारे ३,००० मीटर उंचीवर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर, ओयामेल नावाच्या सूचिपर्णी वृक्षांवर बसतात. तेथील गावकऱ्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. मात्र उत्तरेकडून येणारी फुलपाखरे हीच, हे बाहेरच्या जगाला सन १९७५ मध्ये समजले. कॅनडातील शास्त्रज्ञ फ्रेड उर्क्हार्ट हे पंखांवर लहान चिठ्ठ्या चिकटवून फुलपाखरांचा माग काढत होते. त्यांच्यासाठी काम करणारे केन ब्रुगर व कॅटालिना अग्वादो या डोंगरापर्यंत पोहोचले.

प्रवास कसा होतो?

मोनार्कचे वजन सुमारे अर्धा ग्रॅम असते. तरीही कॅनडाच्या दक्षिण भागातून निघालेले फुलपाखरू ४,००० किलोमीटरपर्यंत, म्हणजे नागपूर ते मुंबई अंतराच्या सुमारे पाचपट, उडत येते. उन्हाळ्यात जन्मणारी फुलपाखरे दोन ते सहा आठवडेच जगतात. उन्हाळ्याच्या अखेरीस जन्मणारी पिढी मात्र आठ-नऊ महिने जगते व तीच दक्षिणेकडे निघते. या पिढीने मेक्सिको कधीच पाहिलेले नसते. दिशा ठरविण्यासाठी ती सूर्याच्या स्थानाचा उपयोग करते आणि वेळेचा हिशेब ठेवणारे घड्याळ तिच्या मिशांमध्ये असते. मार्चमध्ये हीच फुलपाखरे उत्तरेकडे फिरतात, वाटेत अंडी घालून मरतात आणि पुढचा प्रवास त्यांची मुले, नातवंडे पूर्ण करतात.

पाहण्यासाठी केव्हा व कसे जावे?

फुलपाखरे नोव्हेंबरच्या सुरुवातीस येतात. त्याच दिवसांत तेथे पितरांचा सण असतो. त्यामुळे ती पूर्वजांचे आत्मे आहेत, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. पाहण्यास जानेवारी व फेब्रुवारी हे महिने उत्तम. एल रोसारिओ व सिएरा चिंकुआ ही त्यांतील प्रसिद्ध ठिकाणे आहेत. वर चढताना हवा विरळ होते व दम लागतो, म्हणून सावकाश चालावे. काही अंतर घोड्यावरूनही जाता येते. सकाळच्या थंडीत फुलपाखरे वाळलेल्या पानांच्या घडांसारखी फांद्यांना लटकलेली असतात व त्यांच्या भाराने फांद्या वाकतात. ऊन पडले की ती हजारोंनी उडू लागतात. या वेळी मोठ्याने बोलू नये, त्यांना हात लावू नये व स्थानिक वाटाड्याला सोडून जाऊ नये.

जंगल का हवे?

दाट जंगल या फुलपाखरांना रात्री घोंगडीसारखे व पावसात छत्रीसारखे उपयोगी पडते. झाडे विरळ झाली की फुलपाखरे भिजतात, आणि भिजलेले फुलपाखरू कोरड्यापेक्षा लवकर गोठते. जानेवारी २००२ मधील पाऊस व त्यामागोमाग आलेल्या थंडीत कोट्यवधी फुलपाखरे मेली.

येथील बरीचशी जमीन 'एहिदो' म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक हक्काची आहे. लाकूड हे त्यांचे उत्पन्न होते. वृक्षतोड बंद झाल्यावर त्यांनी खायचे काय, हा प्रश्न खराच होता. वाटाड्याचे काम, घोडे, खाणावळी व जंगल राखल्याबद्दल मिळणारा मोबदला यांतून तो काही प्रमाणात सुटला. एल रोसारिओचे व्यवस्थापन पाहणारे ओमेरो गोमेस हे स्वतः लाकूडतोड करणाऱ्या घरातले, कृषी अभियंता झालेले. पुढे ते जंगलाचे राखणदार झाले. जानेवारी २०२० मध्ये ते बेपत्ता झाले व काही दिवसांनी त्यांचा मृतदेह विहिरीत सापडला. जंगल राखणे हे तेथे असे जोखमीचे काम आहे.

संख्या का घटली?

फुलपाखरे मोजता येत नाहीत, म्हणून त्यांनी व्यापलेले जंगल मोजतात. सन १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते १८.१९ हेक्टर होते. सन २०१३-१४ मध्ये ते ०.६७ हेक्टर, म्हणजे दोन एकरांपेक्षाही कमी राहिले. सन २०२४-२५ मध्ये ते १.७९ हेक्टर होते.

याचे एक मोठे कारण शेतात आहे. मोनार्कची अळी रुईच्याच कुळातील मिल्कवीड या चिकाळ तणावरच जगते. अमेरिकेत सन १९९६ पासून ग्लायफोसेट सहन करणारे सोयाबीन व नंतर तसाच मका आला. पिकावरूनच तणनाशक फवारता येऊ लागले आणि कोळपणीतून वाचणारे मिल्कवीड शेतांतून जवळजवळ नाहीसे झाले. तेथील शेतकऱ्याने फुलपाखरू मारण्यासाठी काहीच केले नव्हते. त्याने फक्त शेत स्वच्छ ठेवले. हवामानातील बदल व वृक्षतोड यांचीही त्यात भर पडली.

आपण काय करावे?

१. पिकातील तण वेळेवर काढलेच पाहिजे. गाजरगवत तर बांधावरही ठेवू नये. परंतु पडीक कोपऱ्यातील रुईची चार झुडपे राहू द्यावीत. रुईचा चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी.

२. रुईवरील पट्टेरी अळी पिकाला उपद्रव देत नाही. ती दिसली म्हणून फवारणी करू नये. लिंबूवर्गीय झाडांची पाने खाणारी अळीही फुलपाखराचीच असते, पण ती वेगळी. लहान रोपांवर ती दिसल्यास हाताने वेचून नष्ट करावी.

३. केवळ बांध स्वच्छ दिसावा म्हणून तणनाशक फवारू नये. गरज असेल तेथे विळा चालवावा.

४. पीक फुलोऱ्यात असताना कीटकनाशकाची फवारणी शक्यतो टाळावी. अटळ असल्यास ती सायंकाळी करावी. त्याचा खरा लाभ मधमाश्यांना होतो, कारण परागीभवनात फुलपाखरांपेक्षा त्यांचा वाटा मोठा आहे.

मेक्सिकोचे जंगल आपल्यापैकी थोड्यांनाच पाहायला मिळेल. पण पुढच्या वेळी बांधावर कुऱ्हाड किंवा पंप घेऊन जाल, तेव्हा आधी रुईचे एक पान उलटून पाहावे. त्यावर पट्टेरी अळी असेल, तर ते झुडूप तेवढे सोडावे. त्यासाठी आपल्याला एक रुपयाही खर्च येणार नाही.